वन्संचं ‘बघू’

“रिकाम्या बाकावर बसून आलीस तू. सकाळपासून दुपारपर्यंत,” माझा नवरा म्हणत होता, “आणि आल्याआल्या मला विचारतेस, खोके कुठे ठेवलेत.”

“लागणार आहेत म्हणून विचारलं,” वन्सं म्हणाल्या.

“ताई, विषय खोक्यांचा नाहीये.”

“तूच काढलास.”

मी ओट्याशी भाजी चिरत होते. भांडण बाहेरच्या खोलीत सुरू होऊन आत आलं होतं. आमच्याकडे सगळी भांडणं शेवटी स्वयंपाकघरातच येतात. तिथे बसायला जागा कमी आणि आपटायला भांडी जास्त. आमची लेक चिंगी फ्रिजला टेकून उभी होती. ती कॉलेजात जाते आणि या नावाने हाक मारलेली तिला आवडत नाही, पण भांडण ऐकायला मिळत असेल तर ती कुठल्याही नावाला ओ देते.

“मुलाखत त्या मुलीची, शाळा त्या मुलीची, आणि बाकावर कोण, तर तू. निरोप तरी पाठवला तिने?”

“नाही.”

“मग कळलं ना आता?”

“काय कळायचं?”

“की तिला तुझी काही पडलेली नाही.”

वन्संनी नळ सोडला आणि हात धुवायला घेतले. आधी नखं, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं. जन्मभराची सवय, भांडणातसुद्धा एक बोट सुटत नाही.

“महिनाअखेरीला ट्रक येणार,” नवरा त्यांच्या पाठीला सांगत होता. “इथलं घर सोडायचंय, तिथलं लावायचंय. सामान बघायला येणार होता तो माणूस, त्याला तू आज नको म्हणून सांगितलंस. का, तर बाकावर बसायचं होतं. बरं, तेही सोड. आपण गाव सोडून चाललोय हे सांगितलंस का तिला?”

वन्संनी टॉवेल घेतला. हात कोरडे केले.

“सांगेन,” म्हणाल्या.

माझी सुरी थांबली. नवऱ्याच्या काही लक्षात आलं नाही, पण माझ्या आलं. वन्संच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. त्या काम करून मोकळ्या होतात आणि मग सांगतात. ‘करेन’, ‘जाईन’, ‘सांगेन’ हे बाकीच्यांचे शब्द.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा त्या कॉलेजात होत्या आणि हा शाळेत. वडील कामावरून आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. वन्संनी कॉलेज सोडलं, रक्त काढायचं शिकल्या आणि एका लॅबमध्ये लागल्या. निवृत्त होईपर्यंत त्याच लॅबमध्ये, त्याच खुर्चीशेजारी, लोकांच्या दंडाला रबराची पट्टी बांधत उभ्या राहिल्या. भावाचं शिक्षण त्यातून झालं, आणि त्याचं लग्नही.

लहान मुलं आली की लॅबमधल्या बाकीच्या जणी म्हणायच्या, “काही नाही हं बाळा, मुंगी चावेल.” वन्संनी मुंगीचं नाव कधी काढलं नाही. त्या आधी मुलाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून गरम करायच्या. मग सुई दाखवायच्या. मग सांगायच्या, “ही टोचणार. दुखेल. मी दहा म्हणेन तेव्हा संपलेलं असेल.” मुलांच्या आया चिडायच्या. कशाला घाबरवता हो, म्हणायच्या. एक तर थेट मालकांकडे तक्रार घेऊन गेली होती. वन्संचं म्हणणं एवढंच, “एकदा मुंगी सांगितली की पुढच्या वेळी पोर हात देत नाही. मला तो हात पुढच्या वेळीही लागणार असतो.”

घरातही हाच कायदा. जे हातात नाही ते कबूल करायचं नाही, म्हणून त्या कधी ‘हो’ म्हणायच्या नाहीत. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा कपडे धुऊन धुऊन हात सोलवटले होते. भीत भीत म्हटलं, “वन्सं, मशीन घेऊ या का?” त्या म्हणाल्या, “बघू.” मी आईला फोन करून सांगितलं, इथे काही मिळायचं नाही. त्याच आठवड्यात दोन माणसं मशीन घेऊन जिना चढत होती आणि वन्सं पुढे उभ्या राहून भिंतीचा रंग सांभाळायला सांगत होत्या. चिंगीला पोहायला शिकायचं होतं. “बघू.” शनिवारी तिच्या उशाशी पोहण्याचा चष्मा. हळूहळू मला कळलं, की यांचं ‘बघू’ म्हणजे काम सुरू झालं. सरळ हो का म्हणत नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, “हो म्हटलं की माणूस वाट बघायला लागतं. आधी करावं, मग सांगावं.” तो शब्द आमच्या घरात असा मुरला, की चिंगीला मैत्रिणीशी फोनवर बोलताना मी ऐकलंय, “मिळाली परवानगी. आत्या बघू म्हणाली.”

स्वतःच्या लग्नाच्या बाबतीत मात्र त्या सगळ्या नातेवाइकांना बघू म्हणाल्या, आणि ते एकच बघू तसंच राहून गेलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मग प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवून आत काय आहे ते लिहिलं, जणू साखरेचा आणि मिठाचा रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्या बहिणीला काहीतरी काम बघा, नाहीतर मला दुसरं स्वयंपाकघर बघा.

काम त्यांनीच बघितलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक केंद्र होतं. ज्या मुलांना शाळा झेपत नाही, किंवा घर धड नाही, किंवा दोन्ही, अशा एकेका मुलामागे तिथे एकेक मोठं माणूस देत. पगार नाही, नातं नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ यायचं आणि त्या मुलाबरोबर बसायचं. वन्सं पुस्तक बदलायला गेल्या आणि चुकून वर गेल्या, असं त्या सांगतात. जिना चुकणाऱ्यांतल्या त्या नाहीत.

“मुलांशी गप्पा मारायला आवडतात का?” केंद्रातल्या बाईंनी विचारलं.

“नाही. गप्प बसायची सवय आहे.”

बाईंनी त्यांना तिथल्या तिथे ठेवून घेतलं. सुरुवातीला थोडं शिकवलं. झेपेल तेवढंच कबूल करा, ठरल्या दिवशी या, आणि सोडून जायची वेळ आली तर मुलाला आधी सांगा, तोंडावर सांगा. वन्सं घरी येऊन म्हणाल्या, “यात शिकवायचं काय? हे तर सुईचंच आहे.”

त्यांच्या वाट्याला जी मुलगी आली ती वसतिगृहात राहायची, आणि तिथल्या मुली तिला ‘कुलूप’ म्हणायच्या. आई होती, पण ती पाहुण्यासारखी यायची आणि चहा पिऊन पाहुण्यासारखीच जायची. पुस्तक उघडलं की मुलीला अक्षरं सरकताना दिसायची, एका ओळीवरून नजर दुसऱ्या ओळीवर घसरायची. वन्संच्या आधी केंद्राने तिला ताया देऊन पाहिल्या होत्या. एकीचं लग्न झालं, एकीला लांब नोकरी लागली, एकीला बहुतेक कंटाळा आला. निघताना प्रत्येक जण ‘भेटू या’ म्हणाली होती.

कित्येक गुरुवार दोघी टेबलाच्या दोन बाजूंना गप्प बसल्या. वन्सं चिंगीचा जुना स्वेटर उसवत बसायच्या, मुलगी खिडकीबाहेर बघत. जेवताना नवरा विचारायचा, “कसं आहे तुझं कुलूप?”

“बरं आहे.”

“उघडलं?”

“मी काही उघडायला जात नाही तिथे.”

मग एका गुरुवारी केंद्रातली चहाची विजेची किटली बंद पडली. बाई ती टाकून द्यायला निघाल्या, तेव्हा मुलगी बोलली. एकच शब्द. “स्क्रू-ड्रायव्हर.” केंद्रात स्क्रू-ड्रायव्हर कुठला असायला. वन्सं घरी आल्या त्या थेट कपाटावरची हत्यारं खाली काढायला लागल्या.

“काय पाहिजे?” नवऱ्याने विचारलं.

“स्क्रू-ड्रायव्हर. कुलपासाठी.”

“मला वाटायचं किल्ली लागते.”

पुढच्या गुरुवारी किटली चालू झाली. त्यानंतर आमच्या घरातली प्रत्येक बंद वस्तू गुरुवारची बाहेर जायला लागली. मिक्सर गेला, इस्त्री गेली, चिंगीचा केस वाळवायचा ड्रायर गेला. ड्रायर बंद नव्हता, हे चिंगी अजून सांगते.

वस्तूंबरोबर त्यांच्या माहितीपुस्तिका जायच्या, आणि वाचन तिथून सुरू झालं. गोष्टीच्या पुस्तकाला हात न लावणारी मुलगी ‘तार धरून ओढू नये’ हे वाक्य बोट ठेवून वाचायला लागली. वन्संनी जाड कागदाची एक पट्टी कापून दिली. ती ओळीखाली धरायची, म्हणजे खालच्या ओळी वर येत नाहीत. अवघड शब्द असला की वन्सं आधीच सांगायच्या, “या ओळीत एक टोचणारा आहे.” मुलगी थांबायची, श्वास घ्यायची आणि तो शब्द तोडून तोडून वाचायची. पुढे पुढे स्वतःच विचारायला लागली, “पुढे टोचतंय का?”

“हो. दोन आहेत. दोन्ही जोडाक्षरं.”

“बरं.”

कधी पान अर्ध्यावर सोडून निघून जायची. वन्सं जागेवरून उठायच्या नाहीत. वेळ संपेपर्यंत तिथेच बसायच्या, कारण तेवढा वेळ तिचा होता, ती खोलीत असो की नसो. मग मुलगी दारातून डोकवायची आणि वन्सं अजून आहेत म्हटल्यावर आत यायची. हे मला केंद्रातल्या बाईंनी सांगितलं. वन्संनी कधी सांगितलं नसतं.

मुलगी शाळेची शेवटची परीक्षा काठावर पास झाली. तिला फ्रिज-एसी दुरुस्तीचा कोर्स करायचा होता, दोन वर्षांचा. शाळा चांगली, जागा थोड्या, प्रवेशाआधी मुलाखत, आणि मुलाखतीला बरोबर घरचं किंवा जबाबदारी घेणारं मोठं माणूस पाहिजे. मुलीने विचारलं, “मावशी, तुम्ही याल?”

वन्संनी सांगितलं, “बघू.”

त्याच सुमारास नवऱ्याची बदली झाली. गाव रात्रभराच्या प्रवासावर. तिथे घर घेताना त्याने आधी बहिणीची खोली बघितली, मग बाकीचं घर. वन्सं जन्मभर दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीत झोपत आल्या होत्या. आधी आजारी आईच्या, मग वडिलांच्या, मग चिंगीच्या. आता त्यांना स्वतःची खोली मिळणार होती, मोठ्या खिडकीची, आणि खिडकीबाहेर झाड. नवऱ्याने झाडाचा फोटो काढून आणला होता. तो फोटो वन्सं चष्मा लावून पुन्हा पुन्हा बघायच्या. म्हणूनच तो त्या दिवशी एवढा तापला होता. त्याला बाकाचा राग नव्हता. ज्या बहिणीने त्याला कधी वाट बघायला लावलं नाही, तिला कुणीतरी वाट बघायला लावलं, याचा राग होता.

दुसऱ्या दिवशी वन्सं वसतिगृहात जायला निघाल्या. मला चिकटपट्टी आणि दोरी आणायची होती, दुकान त्याच रस्त्याला, म्हणून मीही निघाले. खरेदी आधी उरकली आणि मग वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत जाऊन बसलो. चार खुर्च्या, एक पंखा आणि भिंतीवर ‘भेटीची वेळ पाळावी’. मुलगी आली. उंच, खांद्यात थोडी वाकलेली, मनगटाला काळं ग्रीस लागलेलं. दारातच उभी राहिली.

“काल मी बाकावर बसले होते,” वन्सं म्हणाल्या. आवाजात राग नाही, काही नाही. जणू हवा कशी होती ते सांगतायत.

“कुठल्या?”

“त्या शाळेच्या. तुझी मुलाखत होती.”

मुलगी बघत राहिली. “तुम्ही तर येणार नव्हता.”

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच. बघू म्हणालात.”

मला हसू फुटलं. “अगं, यांचं बघू म्हणजे…” म्हणून मी सुरुवात केली आणि तिचा चेहरा बघून थांबले.

“बघू म्हणजे नाही,” ती मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. “आई पण बघू म्हणते. आधीच्या ताया पण म्हणायच्या. वॉर्डनबाईंना सुट्टी नव्हती. मग मी कुणाबरोबर जाणार?”

पंखा कुरकुरत होता. वन्संनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

“आमच्या घरात बघू म्हणजे हो,” त्या म्हणाल्या.

“मग हो का नाही म्हणत?”

हाच प्रश्न मी त्यांना विचारला होता, पण मला तयार उत्तर मिळालं होतं. तिला मिळालं नाही. वन्संनी तिच्याकडे बघितलं, रक्त काढायला शीर सापडत नसली की बघायच्या तशा.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “मी शाळेत जाऊन विचारते. गैरहजर राहिलेल्यांसाठी पुन्हा एक दिवस ठेवतात म्हणे. त्या दिवशी मी येईन. हो म्हणतेय मी.”

मुलीने मान हलवली. मग तिची नजर माझ्या पिशवीत गेली. वर चिकटपट्टीची वेटोळी आणि दोरीचा गुंडा होता. यंत्रं उघडून बघणाऱ्या पोरीला एवढं पुरलं.

“घर बदलताय?”

मी वन्संकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली नाही.

“हो. दुसऱ्या गावी जातोय. महिनाअखेरीला. मी तुला आधीच सांगायला पाहिजे होतं. धीर झाला नाही.”

“लांब आहे?”

“लांब आहे. गुरुवारी येता येणार नाही.”

“बरं,” मुलगी म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. नुसतं ‘बरं’ म्हणाली, आणि ते आतून कडी लावल्यासारखं ऐकू आलं. परतताना वन्सं भराभर पुढे चालत होत्या. मी दोनदा भाजीचा विषय काढून पाहिला.

वन्सं आणि केंद्रातल्या बाई शाळेत जाऊन भेटून आल्या आणि दिवस मिळाला. आदल्या संध्याकाळी वन्सं मला म्हणाल्या, “तूही चल. मी गप्प बसले तर तू बोल.” त्या घाबरल्या होत्या. मी त्यांना घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मुलगी आमच्या आधी पोचली होती. केस घट्ट बांधलेले, हात घासून लाल केलेले. मुलाखत कार्यशाळेतच होती. दारं काढलेले फ्रिज ओळीने उभे होते, तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसांसारखे, आणि तेलाचा आणि तापलेल्या तांब्याचा वास. कोर्सचे सर एका लाकडी टेबलाशी बसले होते. जाडजूड, चष्मा कपाळावर ढकललेला, घाई नसलेला माणूस. त्यांनी मुलीसमोर एक छापील पान ठेवलं.

“वाच.”

तिने खिशातून कागदाची पट्टी काढली आणि ओळीखाली धरली. सरांनी पट्टीकडे पाहिलं. ती वाचायला लागली. हळू, अडखळत, एकेक शब्द पाय टेकवून बघावा तसा. मध्ये थांबली. मी वन्संकडे बघितलं, त्यांचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मुलीने श्वास घेतला, शब्द तोडला, जोडला आणि पुढे गेली. पान संपलं.

“कळलं काय वाचलंस ते?” सरांनी विचारलं.

“मागची जाळी भिंतीला चिकटवू नये. गरम हवा बाहेर जायला जागा ठेवायची.”

“का?”

“नाहीतर मोटर दमते.”

सर हसले. “दमते. बरोबर. आता ऐक. दोन वर्षांचा कोर्स आहे. पहिल्या सहा महिन्यांत निम्मी मुलं पळतात. तू आली नाहीस तर मी फोन कुणाला करायचा?”

“वॉर्डनबाईंना.”

“वसतिगृहात अठराव्या वर्षापर्यंतच ठेवतात. तू तर वर्षभरात बाहेर पडशील. त्यानंतर?”

मुलीने पट्टी घडी घालून खिशात ठेवली.

“त्यानंतर कुणाला नको,” ती म्हणाली.

यात तक्रार नव्हती. सरांनी प्रश्न विचारला आणि तिला जे खरं वाटलं ते तिने सांगितलं.

“मला करा,” वन्सं म्हणाल्या.

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “आपण कोण हिच्या?”

मला वाटलं, आता मावशी म्हणतील. जगात सगळीकडे चालून जातं तेवढं. पण वन्संनी जरा विचार केला.

“कुणी नाही. मी दर गुरुवारी येते.”

“आणि दोन वर्षं इथेच असाल?”

मुलगी वळली. “त्या जाणार आहेत, सर. दुसऱ्या गावी. घर बदलतायत.” वन्संची अडचण होऊ नये म्हणून तीच सांगून मोकळी झाली.

“नाही जाणार,” वन्सं म्हणाल्या. “इथेच असेन.”

मी बाकाची कड धरली. आमच्या घरी बाहेरची खोली खोक्यांनी भरलेली होती, ट्रक ठरलेला होता, पडद्यांची मापं तिकडे कळवून झाली होती. मुलगी वन्संकडे बघत होती. खुश झालेली दिसत नव्हती. नीट तपासून बघत होती, एखादी तार कुठून कुठे जाते ते बघावं तशी.

“हे बघू आहे का?” तिने विचारलं.

“नाही. हे हो आहे.”

सरांना काही कळलं नाही. ते म्हणाले, निकाल पुढच्या आठवड्यात कळेल, आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

फाटकाशी मुलगी म्हणाली, “गुरुवारी पंखा आणू का? भेटीच्या खोलीतला. वॉर्डनबाई हो म्हणाल्यात.” वन्सं म्हणाल्या, आण. मग ती तिच्या बसला गेली आणि आम्ही आमच्या.

बसमध्ये जागा मिळाल्यावर मी म्हटलं, “वन्सं, तुम्ही काय बोलून बसलात ते कळलं ना?”

“कळलं.”

“हे चिडतील.”

“चिडेल. मग जेवेल.”

“अहो, पण त्यांनी तुमच्यासाठी खोली…”

वन्संनी खिडकीच्या काचेवर डोकं टेकलं. एरवी त्या बसमध्ये कशाला टेकत नाहीत, जंतू असतात म्हणून.

“चांगली आहे ती खोली,” त्या म्हणाल्या. “झाड तर फारच छान आहे. चिंगीला दे. ती रात्री दिवा लावून वाचते, तिला वेगळी खोली पाहिजेच.”

“आणि तुम्हाला एकटीला इथे करमेल?”

“माहीत नाही. पहिले काही महिने जड जातील. तुम्हा सगळ्यांची सवय आहे. तुझ्या स्वयंपाकाचीसुद्धा.”

हे त्यांच्याकडून मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. मी पदरात घेतलं. पुढच्या थांब्यावर मी विचारलं, “एवढं करून प्रवेश नाही मिळाला तर?”

“मी प्रवेशासाठी नाही थांबत,” वन्सं म्हणाल्या. “ती ‘कुणाला नको’ म्हणाली ना, त्याच्यासाठी थांबतेय. मला आयुष्यभर लोकांनी हात दिला तो मी खरं सांगते म्हणून. हिनेही दिला. आता तो धरून ठेवायची वेळ आली तर मी झाडाखाली जाऊन बसू?”

घराशी पोचलो तेव्हा त्या खाली घराच्या मालकीणबाईंच्या दाराशी थांबल्या. “तू हो पुढे, कुकर लाव,” म्हणाल्या. मी वर आले. खालून बोलण्याचा आवाज येत राहिला, मग मागच्या बाजूचं दार उघडल्याचा, मग केरसुणीचा. मालकीणबाईंना कुणाच्याही देखत घर झाडायला आवडत नाही, म्हणजे झाडत होत्या त्या वन्सं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. नवऱ्याने दिवसभरात आणखी खोके भरले होते आणि तो खुशीत होता. बहिणीशी धरलेला अबोला त्याला एरवीही दोन दिवसांच्या वर झेपत नाही.

“मग? आज तरी आली का?”

“आली,” वन्सं म्हणाल्या.

“वाचलं?”

“वाचलं. अख्खं पान.”

“अरे वा. बघ, मी उगाच बोललो.” त्याने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. हीच त्याची माफी असते. “मिळाला प्रवेश?”

“पुढच्या आठवड्यात कळेल.”

“आणि नाही मिळाला तर?”

“दुसऱ्या शाळेत विचारू.”

“विचारू म्हणजे? पुढच्या आठवड्यात अर्धं सामान बांधून झालेलं असेल. तू केंद्रातल्या बाईंवर सोपव आता. आणि हो, तुझं कपाट पहिल्या फेरीत पाठवू या, म्हणजे गेल्या गेल्या तुझी खोली लागेल.”

चिंगीने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे. वन्संनी घास संपवला, पाणी प्यायल्या आणि भांडं खाली ठेवलं.

“माझं कपाट आणि पलंग ट्रकमध्ये चढवू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिघं जा. मी येत नाहीये. खालची मागची खोली मी घेतली आहे.”